नाममुद्रा आणि नोंद : आपल्या स्वतंत्र गायक-गीतकारांसाठी काही व्यवहारी सूचना

गाणे ही आपल्या समाजाची पहिली शाळा होती असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. ज्या काळात वर्तमानपत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि घेतले तरी ते वाचून दाखवणारा माणूस वस्तीत सापडत नव्हता, त्या काळात आंबेडकरी जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार कंदिलाच्या उजेडात उभे राहिले. पुढे महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर गावे पालथी घालत राहिले. त्यांचे देशवंडी हे गाव आपल्या संगमनेरला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातले. संगमनेर तर शाहीर अनंत फंदींचे गाव, आणि तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर यांचीही कर्मभूमी. तेव्हा आपल्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला गाण्याचा वारसा शोधायला दूर जावे लागत नाही.

वारसा आहे, पण त्याची नोंद कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे. तोच या लेखाचा विषय.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गायक आहेत. स्वतः गीते लिहीत, स्वतः चाली लावीत आणि हार्मोनियम घेऊन रात्र रात्र गात. कॅसेटच्या जमान्यात त्यांची एक कॅसेट निघाली. एका कागदावर सही घेतली गेली आणि काही रक्कम हाती पडली. कागदाची प्रत त्यांना मिळाली नाही, त्यांनीही मागितली नाही. अलीकडे त्यांच्या नातवाने मोबाईलवर तेच गीत लावले. आवाज दुसऱ्याचा होता, गीतकार म्हणून नाव तिसऱ्याचेच होते आणि ज्या शेवटच्या कडव्यात आजोबांनी आपले नाव गुंफले होते ते कडवेच गाळलेले होते. आम्ही त्यांना विचारले, "बाबा, वही आहे का? कॅसेटचे कव्हर आहे का?" ते म्हणाले, "वही पावसाच्या गळतीत गेली. कव्हर पोरांनी खेळायला नेलं." यावर आम्हांस बोलण्यासारखे काही उरले नाही.

संतांनी आणि शाहिरांनी शेवटच्या कडव्यात आपले नाव घालण्याची जी रीत पाडली तिला नाममुद्रा म्हणतात. लिहिता न येणाऱ्या समाजातही रचना कोणाची हे त्यामुळे कळत असे. ही आपली जुनी नोंदवहीच होय. आज गाणे कागदावरून आणि कॅसेटवरून इंटरनेटवर गेले आहे. तेथे नाममुद्रा पुरेशी नाही, तिच्या जोडीला रीतसर नोंद लागते. ती कशी करावी, कोणती साधने फुकट किंवा अल्प खर्चात मिळतात आणि कोठे सावध राहावे, हे आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

१) आधी जुने जतन करा

आपल्या घरात कॅसेट असतील तर त्या प्रथम बाहेर काढा. चालवण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून एक साधी तार संगणकाच्या आवाज घेण्याच्या छिद्राला जोडावी. नव्या लॅपटॉपला असे छिद्र नसते, त्यासाठी यूएसबीला लावण्याचे छोटे उपकरण मिळते. संगणकावर 'ऑडॅसिटी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे व त्यात कॅसेट वाजवून ध्वनिमुद्रण करावे.

फाईल 'वेव्ह' प्रकारात जतन करावी, एमपीथ्री प्रकारात नव्हे. एमपीथ्रीत फाईल लहान होते, पण आवाजातील काही भाग कायमचा गळतो. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाईलला एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे एक तासाच्या कॅसेटला सुमारे ६०० एमबी. गूगलच्या एका खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. खाते फक्त याच कामासाठी ठेवले तर त्यात सुमारे २५ कॅसेट मावतात. तरीही एकाच ठिकाणी भरवसा ठेवू नये. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक इंटरनेटवर, अशा तीन प्रती असाव्यात. कॅसेटच्या कव्हरचे आणि गीतांच्या वहीच्या प्रत्येक पानाचे मोबाईलने छायाचित्र काढून त्याच ठिकाणी ठेवावे. उद्या हक्काचा प्रश्न आला तर पुरावा म्हणून तेच उपयोगी पडते.

२) घरच्या घरी ध्वनिमुद्रण

स्टुडिओचे भाडे परवडत नाही म्हणून गीत वहीतच राहू देऊ नये. आजचा साधा मोबाईलही चांगले ध्वनिमुद्रण करतो, मात्र खोली चांगली हवी. पत्र्याच्या खोलीत किंवा रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो. लहान खोली निवडावी, भिंतींना गोधड्या-चादरी टांगाव्यात, पंखा बंद करावा आणि मोबाईल विमान-मोडवर टाकावा. मोबाईल अगर माईक तोंडापासून एक-दीड वीत अंतरावर व किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचा फुत्कार त्यात शिरत नाही. 'भीम' हा शब्द ज्या गीतांत वारंवार येतो त्यांना ही सूचना विशेष लागू आहे.

ढोलकी आणि गळा एकाच वेळी मुद्रित केले तर ढोलकी गळ्याला झाकून टाकते. म्हणून आधी हार्मोनियम व ताल मुद्रित करावा, मग कानाला हेडफोन लावून त्यावर गावे. 'बँडलॅब' या विनामूल्य ॲपमध्ये हे मोबाईलवरच करता येते, आणि शेवगावचा ढोलकीवादक व श्रीरामपूरचा गायक एकाच गाण्यावर आपापल्या घरून काम करू शकतात. आवाजाची पट्टी तांबड्या खुणेला टेकू देऊ नये. तेथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. गाण्यापूर्वी दोन-तीन सेकंद शांतता मुद्रित करावी. ऑडॅसिटीला त्या शांततेचा नमुना दाखवला की ती मागची घरघर पुष्कळ कमी करते.

३) कायदा काय म्हणतो

आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ साली त्यात कलावंतांच्या हिताच्या महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. विद्यार्थ्यांनी पुढील मुद्दे पाठच करावेत.

पहिला मुद्दा असा की, एका गाण्यात अनेक हक्क असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, मुद्रित ध्वनीचा निर्मात्याचा आणि गाण्याच्या सादरीकरणाचा गायक-वादकांचा. 'गाणे विकले' असे आपण म्हणतो तेव्हा यांपैकी नेमके काय विकले, हे कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

दुसरा मुद्दा : शब्द व चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन २००४ साली झाले, म्हणून त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. त्यांची गीते 'सर्वांचीच' आहेत असे आपण प्रेमाने म्हणतो, पण कायद्याने तसे नाही. उलट बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ च्या आरंभापासून खुले झाले आहे. त्यातील उतारा गीतात घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पाली वंदना आणि गाथा याही खुल्या आहेत, मात्र त्यांचे दुसऱ्याने केलेले ध्वनिमुद्रण खुले नसते.

तिसरा मुद्दा : हक्क देणे-घेणे लेखी व सहीनिशी व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. 'कायमचे व जगभर' असे शब्द दिसले तर सही करण्यापूर्वी थांबावे.

चौथा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या व चालीच्या उत्पन्नातील समान वाटा घेण्याचा हक्क गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो.

पाचवा मुद्दा : हक्क विकल्यानंतरही रचना आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाधा आणणाऱ्याला हरकत घेण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. आमच्या त्या वृद्ध गायकांना हे आधी माहीत असते तर!

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. रचना लिहिली त्या क्षणी हक्क जन्मास येतो. तथापि वाद झाल्यास नोंदणी उपयोगी पडते. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. २०१३ च्या नियमांप्रमाणे गीतासाठी किंवा चालीसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. अनेक गीतांचा एकच संग्रह करून तो नोंदवला तर खर्च वाचतो.

४) चालीविषयी एक स्पष्ट बोल

आपल्याकडे गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर भीमगीत बांधण्याची रीत जुनी आहे. ऐकणाऱ्याला चाल ओळखीची असली की शब्द लवकर पाठ होतात, हा त्यामागचा हेतू होता आणि तो साध्यही झाला. परंतु यूट्यूबवर 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा आहे. ती नवीन फाईल मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि चाल जुळली तर दावा लावते. मग गाणे लोक ऐकतात, पण त्यावरचे उत्पन्न चालीच्या मालकाकडे जाते, क्वचित गाणेच बंद होते. शब्द तुमचे, गळा तुमचा, कष्ट तुमचे आणि पैसा भलत्याच घरी! म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे की चाल स्वतः बांधा. पोवाडा, गोंधळ, भारूड, ओवी यांच्या परंपरेने चालत आलेल्या चालींवर कोणा एकाची मालकी नाही. तेथून हवे तेवढे घ्यावे.

५) गाणे जगापुढे कसे न्यावे

एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे महाराष्ट्रभर पोहोचला, हे आपण पाहिले आहे. कोणा कंपनीच्या दारात उभे न राहताही श्रोता मिळू शकतो. मात्र श्रोता मिळणे वेगळे आणि उत्पन्न मिळणे वेगळे, हे ध्यानात ठेवावे.

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वाहिनीचे १,००० वर्गणीदार आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा नव्वद दिवसांत लघुचित्रफितींचे एक कोटी प्रेक्षण, अशी अट २०२३ मध्ये होती. अट बदलू शकते, म्हणून अर्ज करताना ती पुन्हा वाचावी. कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक पिन क्रमांक येतो, आणि १०० डॉलर जमल्यावर पैसे बँकेत जमा होतात. तेव्हा वाडी, पोस्ट, तालुका असा पूर्ण पत्ता द्यावा आणि पॅन कार्ड व बँक खाते यांवरील नाव एकच असावे. वाहिनी कलावंताच्या स्वतःच्या खात्यावर उघडावी. 'आमच्या वाहिनीवर टाकतो, तुमचे नाव होईल' असे म्हणणाऱ्यांना हात जोडावेत.

स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक इत्यादी ठिकाणी थेट गाणे देता येत नाही, त्यासाठी मध्ये वितरक लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी, राउटनोट अशा वितरक सेवा आहेत. काहींना वर्षाची फी द्यावी लागते, काही उत्पन्नातून टक्केवारी कापतात. फी वार्षिक असेल तर ती थांबल्यावर गाण्याचे काय होते हे आधीच विचारावे. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादे गाणे मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले तरच त्याचा मोबदला सुरू होतो. म्हणून पंचवीस गाणी एकदम टाकण्यापेक्षा पाच चांगली गाणी टाकून ती लोकांपर्यंत नेणे अधिक श्रेयस्कर.

वितरकाचा अर्ज भरताना गीतकार, संगीतकार, गायक, वादक असे रकाने येतात. हीच आजची नाममुद्रा होय. येथे आळस करू नये. नावाचे स्पेलिंग सर्वत्र एकच ठेवावे, नाहीतर यंत्राच्या हिशेबी एका माणसाचे तीन कलावंत होतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. जसा माणसाला आधार क्रमांक, तसा गाण्याला हा क्रमांक. तो वहीत लिहून ठेवावा.

आणखी एक धोक्याची सूचना. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतील असंख्य कलावंतांचा श्रोतृवर्ग एका रात्रीत गेला. विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झाले. ही सारी दुसऱ्याची घरे आहेत. तेथे बिऱ्हाड करावे, पण आपल्या गाण्याची मूळ प्रत, आणि जमल्यास श्रोत्यांच्या संमतीने त्यांचे दूरध्वनी क्रमांक, आपल्या घरी असावेत.

६) संस्था आणि सन्मान

गाणे रेडिओ, दूरचित्रवाणी, समारंभ किंवा इंटरनेटवर वाजले की त्याचा मोबदला गोळा करणाऱ्या संस्था आहेत. गीतकार व संगीतकारांसाठी १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस, आणि गायक व वादकांसाठी इसाम्रा. ज्यांची गाणी प्रसिद्ध झाली आहेत त्यांनी सभासदत्वाची चौकशी अवश्य करावी. कोणी दुसऱ्याने आपले गाणे आपल्या नावाविना टाकले असेल तर यूट्यूबवर कॉपीराइट तक्रारीचा अर्ज विनामूल्य भरता येतो. तेथे वही, कव्हर, नोंदणी हे सर्व कामी येते. मात्र खोटी तक्रार करू नये, ती उलटते.

वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले. अर्जासोबत कलेचे पुरावे मागतात. हस्तपत्रके, निमंत्रणपत्रिका, वृत्तपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे जपून ठेवा असे आम्ही म्हणतो ते यासाठीही.

७) कार्यक्रमाची सुपारी

इंटरनेटचे उत्पन्न कितीही म्हटले तरी आपल्या बहुतेक कलावंतांची चूल आजही कार्यक्रमांवर पेटते. म्हणून सुपारी घेताना एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात : तारीख व ठिकाण, कलावंतांची संख्या, एकूण बिदागी व आगाऊ रक्कम, प्रवास-भोजन-ध्वनिक्षेपक कोणाकडे, आणि कार्यक्रमाचे चित्रीकरण कोण करणार व ते कोठे दाखवणार. पाचवी ओळ बहुतेक जण विसरतात, आणि मग आपलाच कार्यक्रम दुसऱ्याच्या वाहिनीवर पाहावा लागतो. हा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून 'मान्य आहे' असे उत्तर घेतले तरी पुष्कळ काम होते. पार्टीचा यूपीआयचा चौकोनी कोड मंचासमोर लावावा, बक्षीस देऊ इच्छिणाऱ्याच्या खिशात हल्ली नोट असतेच असे नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ठरावीक दिवशी शासन बारापर्यंत सवलत देते, तेव्हा परवानगीचा कागद संयोजकांकडे आहे ना हे आधी पाहावे.

शेवटची विनंती

ही सर्व कामे साठीच्या पुढील शाहिराने एकट्याने करावीत अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. येथे विद्यार्थ्यांचे कर्तव्य सुरू होते. ज्याला मोबाईल हाताळता येतो त्याने आपल्या गावातील एका गायकाची किंवा जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या एका आजीची जबाबदारी घ्यावी. महिन्यातील एका रविवारी विहारात टेपरेकॉर्डर व लॅपटॉप घेऊन बसावे. वहीचे छायाचित्र काढावे, आवाज मुद्रित करावा, नाव, गाव, रचनेचे वर्ष लिहून घ्यावे. खाते मात्र त्या कलावंताच्याच नावे उघडावे. सेवा म्हणून सुरू केलेले काम मालकीत संपू नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

त्या वृद्ध गायकांकडे आम्ही पुन्हा गेलो. वही नव्हती, पण पाठांतर होते. दोन दुपारी बसून त्यांनी एकोणीस गीते सांगितली. आम्ही ती लिहून घेतली आणि मुद्रित केली. प्रत्येक गीताच्या शेवटी त्यांचे नाव येई तेव्हा ते किंचित थांबत आणि आम्ही लिहिले की नाही हे पाहत. गेलेले गीत कायद्याने परत मिळेल की नाही हे पुढे ठरेल. एवढे मात्र खरे, की ही एकोणीस गीते आता कोणाला बेवारस म्हणता येणार नाही.

आपल्या गावात अशी किती गीते अजून फक्त कोणाच्या तरी स्मरणात आहेत, याची मोजदाद पुढील जयंतीच्या आत व्हावी, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.

जयभीम!